तिसऱ्या तऱ्हेचं पाखरू

गंगाखेडच्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर,
मी शिकवते आहे एक पक्षी
जो मी पाहिलेला नाही, पाहणारही नाही.
चिमणीहून लहान. चोच आखूड, जाड, पिवळसर,
बी फोडायलाच घडवलेली.
नराच्या हनुवटीखाली काळं, मग पांढरी कॉलर,
मग पुन्हा एक काळा पट्टा.
प्रदेश: ब्राझीलची खालची बाजू, पॅराग्वे, उरुग्वे,
अर्जेंटिनाची गवताळ मैदानं.
थंडीत उत्तरेला सरकतो.
आमच्या नकाशाला नेमकी तिकडूनच वाळवी लागलेली,
म्हणून फळ्यावर हिरव्या खडूनं
मी एक खंड काढते, वांग्यासारखं,
आणि खालच्या अंगाला तिरप्या रेघा मारते.

"आधी हा भारीट पक्ष्यांच्या कुळात होता," मी सांगते,
"आपल्याकडं जोंधळ्यात उतरतात, त्यांच्या.
पुढं रक्त तपासलं
आणि टॅनेजरांच्या कुळात नेऊन बसवला."
शेवटच्या बाकावरून शबनूर विचारते,
"मॅडम, त्याला कुणी कळवलं का?"
वर्ग हसतो. मीही.
हजेरी घ्यायची राहून जाते.

शनिवारी पालमला.
जोंधळा चिकात, आई माळ्यावर,
गोफण मांडीवर, पदरात खडे.
फोनमधलं चित्र ती डोळ्यांपासून लांब धरते.
"काय खातं?"
गवताचं बी.
"मंग तिसऱ्या तऱ्हेचं."

आईच्या तऱ्हा तीनच.
कणसाला लोंबकळून खाणारी.
भोरड्यांसारखी ढग होऊन येणारी.
आणि खाली सांडलेलं टिपणारी,
त्यांच्यावर खडा उचलायचा नाही.

रक्ताचं तिनं काही विचारलं नाही.
कुळ बदललं, एवढंच धरून बसली असावी,
कारण बऱ्याच वेळानं, एक थवा उठवून झाल्यावर,
पाठमोरीच म्हणाली,
"मपलंबी बदललं की.
लोह्याला चतुरा व्हते.
हितं ताटातल्या तांदळात अंगठीनं सत्यभामा लिवलं.
तीन दिस कुणी हाक मारली तर मी वळंना.
सासू म्हणली, पोरगी बहिरी दिली का काय."
आणि हसली, दात नसलेल्या बाजूनं.

तिचा प्रदेश मला पाठ आहे.
लोहा ते पालम.
एकदा नांदेड, मोतीबिंदूला.
बाकी वर्षभर
माळ्यावरून हाळी पोचेल तिथवर:
अलीकडं ओढा, पलीकडं बाभळ.
यावर रेघा मारायला खडू लागत नाही.

"चतुरा," मी हळूच म्हणून पाहिलं.
ती वळली नाही.
खाली धाटांच्या बुडाशी
काहीतरी बारीक, करड्या रंगाचं,
बी फोडत होतं, एकेक,
तिकडं बघत राहिली.
गोफणीचा दोर तिच्या बोटात
एकदा फिरला आणि सुटला.

सोमवारी फळा पुसलेला.
मी आधी हजेरी घेतली.
शबनूरच्या नावापाशी थांबले.
"नाही," मी म्हटलं, "कुणीच नाही कळवलं."
ती उभी राहिली, ओढणी सावरली,
आणि म्हणाली, "हजर."