दाण्यांचं माप

बार्न्सलीत सुपरमार्केटच्या मागे, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी
आमचा ट्रक उभा असतो गुरुवारी.
आत मशीन, एक हीटर आणि मी.
श्वास घ्या. रोखा.
सोडा.
दिवसातून तीसेक वेळा म्हणते,
त्यांनी रोखला की माझाही रोखला जातो.

डेरेक हेपवर्थ, अडुसष्ट,
काचेच्या कारखान्यात भट्टीवर एकतीस वर्षं.
कुत्र्याचं खाणं घ्यायला आलो होतो, म्हणाला,
शेजारीण ऐकेना, तिनंच इकडे पिटाळलं.
सिगारेट?
चौदाव्या वर्षापासून.
हे सांगताना त्यानं टोपी काढली,
न्यायाधीशापुढे काढावी तशी.
मी फक्त आकडा लिहून घेतला.

पडद्यावर, उजवीकडे, वरच्या बाजूला
धुक्यात एक दाणा.
डॉक्टर मिलिमीटर लिहितील.
माझ्या डोक्यात अजून आईच्या फळीवरचे डबे:
राजगिरा, मोहरी, ज्वारी, तूर.
हा हरभरा.
अजून एकटाच.

चेहरा कोरा ठेवायचा असतो, तसा ठेवला.
"सगळं ठीक ना, लव्ह?"
इथे सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणतात.
"महिन्याभरात पत्र येईल," म्हटलं
आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं,
जे त्याला लावता येत होतं.

अण्णांचं कळलं तेव्हा लिंबाएवढं झालं होतं.
इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात
खोकला ऐकणार कोण?
घरातही तो जुना भाडेकरू,
कधी आला कुणाला आठवत नव्हतं.
टॉवेलवर लाल दिसलं तर म्हणाले, पान.
अण्णा पान खात नव्हते.
आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मार्चमध्ये डेरेक दिसला, कांद्यांपाशी.
वरचा एक तुकडा काढलाय, म्हणाला,
उरलेल्यावर भागतंय.
जिना दोन टप्प्यांत चढतो. कुत्रा थांबतो त्याच्यासाठी.
मंगळवारी मेथडिस्ट हॉलमध्ये नऊ जण जमतात,
चहा, बिस्किटं, कुणाचा स्कॅन कधी,
कोण कुणाला गाडीनं नेणार.
मॉरीननं जन्मात सिगारेट ओढली नाही,
तिलाही लोक आधी तेच विचारतात.
म्हणून तो प्रश्न आम्ही दाराबाहेर ठेवतो, म्हणाला,
ओल्या छत्र्यांबरोबर.
आणि कांदे न घेताच निघून गेला.

परवा कामावर निघण्याआधी धनपालला फोन केला.
बोलता बोलता थांबला, खोकला,
पुन्हा भावाच्या वाटणीचं सांगू लागला.
"किती दिवस झाले?"
"अगं, जुनाच आहे."
"जुना म्हणजे? आठवडे सांग."
पलीकडे माग चालू.
"दिवाळीपासून असेल."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं.
"हॅलो? आहेस ना?"

आहे रे.
मोजतेय.