भरतीची चूक

तिच्या पहिल्या पुस्तकात मुडदा कलनला लागला.
मी तेव्हा पोर्टसॉयच्या बंदराचा मास्तर,
हिवाळ्यात बोटी कमी, वाचन फार.
पोस्टकार्ड टाकलं:
बाई, आपल्याकडचा प्रवाह पूर्वेला जातो.
बॅन्फला ढकललेला माणूस कलनला यायचा
तर त्याला पोहावं लागेल,
आणि तो तर नवव्या पानावरच मेलाय.

आठ दिवसांनी ती दारात.
रेनकोट ठिबकतोय, भरतीचं कोष्टक उलटं धरलेलं.
इझोबेल रॅफन, मासळीबाजारात लिलावाचे आकडे लिहायची,
बोटांना हॅडॉकचा वास.
म्हणाली, मला हे वाचायला शिकवा.

ती खून करायची, मी वेळ सांगायचो.
फोनवर: गोणीत बांधलेला सावकार,
मंगळवारची रात्र, वारा वायव्येचा. कुठे?
मी: गॅमरीच्या खडकात, शुक्रवारी, चहाच्या सुमारास.
बायको फोन हातात देताना म्हणायची,
घे, तुझी मयत आलीय.

पहिली पाच पुस्तकं कुणी वाचली नाहीत.
एडिंबराच्या प्रकाशकानं कळवलं,
हवामान कमी करा, रक्त वाढवा.
ते पत्र तिनं किटलीखाली ठेवलं,
गोल डाग पडून पडून
त्यातलं ‘रक्त’ तेवढं पुसलं गेलं.
सहाव्याला ग्लासगोत बक्षीस, बहिणीचे बूट घालून घेतलेलं.
मग टीव्हीवाले आले,
तिच्या अल्सरवाल्या इन्स्पेक्टर डफसला
त्यांनी पांढरे शुभ्र दात दिले.
ती म्हणाली, या दातांना कोण कबुली देईल?

पर्यटक विचारत, खून कुठल्या पायरीवर झाला?
मी शेवाळाची पायरी दाखवायचो,
निदान खाली बघून चालतील.

एकदा कुठल्याशा सभेत तिला विचारलं,
इतकी मरणं आणता कुठून?
बंदराच्या कचेरीतून, ती म्हणाली, तिसरा खण.
लोक हसले. मीही हसलो, मागच्या रांगेत.

तिसऱ्या खणाच्या वर, भिंतीवर, फर्करचा फोटो.
माझा धाकटा. एकोणीस वर्षांचा.
ट्रूप हेडच्या पलीकडे ‘जेसी’ बुडाली तेव्हा
फळ्या आल्या, जाळं आलं,
एक बूट आला, तोही दुसऱ्याच कुणाचा.
त्याचं गणित मी किती वेळा मांडलं,
वारा, उधाण, चंद्र, सगळं धरून.
उत्तर दर वेळी नॉर्वेकडे.
तीस वर्षं ती त्या फोटोखाली बसून चहा प्यायली,
हे एकच मरण तिनं मागितलं नाही.
कधी कधी वाटायचं, मागावं.

मग तिची बोटं वाकडी झाली,
भाचीला सांगून लिहवून घ्यायची.
सतराव्या पुस्तकासाठी फोन आला नाही.
पुस्तकच आलं, पोस्टानं.
पान दोनशे अकरा:
ट्रूप हेडला हरवलेला एक पोरगा
अकराव्या दिवशी, पहाटे,
प्रवाहाच्या उलट, पश्चिमेला सरकत सरकत
पोर्टसॉयच्या दुसऱ्या पायरीला येऊन टेकतो.
अंगावर जखम नाही, पायात दोन्ही बूट.
डफस टोपी काढून शेजारी बसतो,
काहीएक विचारत नाही.
त्या पुस्तकात खुनी कुणीच नाही.

समीक्षक म्हणाले, बाई थकल्या.
ॲबर्डीनच्या एका गृहस्थानं वर्तमानपत्रात
तक्त्यासकट पत्र छापलं:
लेखिकेला साधी भरती-ओहोटी कळत नाही.
मी आकडे तपासले.
एकही चुकला नव्हता त्याचा.

रात्री खणातून एक कार्ड काढलं.
‘बाई,’ एवढं लिहिलं,
मग बराच वेळ बाहेरचं पाणी ऐकत बसलो.
ते पूर्वेलाच चाललं होतं.

कार्ड अजून त्या पानात आहे.