कान

आमच्या आतल्या खोलीच्या दाराला
माझ्या मुठीएवढं भोक आहे.
आईनं त्यावर पतसंस्थेचं कॅलेंडर टांगलंय.
पाहुणे विचारतात, दारावर कशाला?
आई म्हणते, इथं उजेड चांगला पडतो.

कारण सांगण्यासारखं नाही.
भूमितीत चाळीसपैकी अकरा.
बाबा एवढंच म्हणाले, "अकरा."
पुढं काही बोलले असते तर
कदाचित दार वाचलं असतं.

आतून पोकळ होतं ते.
मूठ आत गेल्यावर कळलं:
दोन बाजूंना पापडासारखी प्लाय,
मधे पुठ्ठ्याची जाळी,
आणि हवा.

शाळेत भणगे मॅडमची खोली प्रयोगशाळेला लागून,
सगळ्या बोलण्याला अमोनियाचा वास.
का मारलंस, असं त्यांनी विचारलंच नाही.
विचारलं, "यशोधन, आधी कुठं कळलं?"
कुठं म्हणजे?
"अंगात."
मी खांदे उडवले.
"माहीत नसेल तर राहू दे. पुढच्या वेळी बघ.
अडवू नकोस. नुसतं बघ,
धनकवडीच्या स्टॉपवर उभं राहून
कुठली बस आली ते बघतोस तसं.
आली म्हणजे चढलंच पाहिजे असं नाही."

मी मनातल्या मनात हसलो.

मग क्लासच्या बाहेर
कुणीतरी मुद्दाम माझी सायकल आडवी केली
आणि कान.
आधी कान तापले.
मग जबडा. मग उजव्या हाताची बोटं
करंगळीपासून एकेक मिटत आली.
नाकाशी श्वास गार येत होता, ऊन होऊन जात होता,
हे इतके दिवस चालू होतं
आणि मला पत्ता नव्हता.
मूठ उघडली नाही.
पण उठलीही नाही.

मॅडमना म्हटलं, तरी रात्री मी स्वतःला धुतो.
नालायक. ढ. आईच्या जिवाला घोर.
दार फोडणारा.
त्या म्हणाल्या, "तौफीकनं पाच गोल खाल्ले
तेव्हा त्याला काय म्हणालास?"
"जाऊ दे रे, पाय घसरला. चल, रस पिऊ."
"कुठल्या आवाजात?"
"साध्याच."
"मग तो आवाज आहे की तुझ्याकडे.
फक्त तौफीकसाठी राखून ठेवलायस का?"

पांघरुणाच्या आत, कुणी बघू नये म्हणून,
छातीवर हात ठेवला.
जाऊ दे रे.
लाज वाटली. नाटकातलं वाक्य वाटलं.
पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना
गळ्यापाशी काहीतरी सरकलं.
मला वाटायचं, दारासारखीच
माझ्याही आत हवा असेल.
निघालं पाणी.

हे सगळं जमलंय असं नाही.
परवाच ताट ढकललं.
वरण फरशीभर.
पुसलंही मीच, पण उशिरा.

आणि काल, बिबवेवाडीच्या चढावर,
मी बाबांच्या मागं,
हेल्मेट पुण्याच्या रीतीनं माझ्या मांडीवर.
एका टेम्पोनं आरसा घासला.
बाबांनी गाडी कडेला घेतली,
स्टँडला पाय लावला,
आणि मागून मला दिसले
त्यांचे कान.
आधी कडा, मग पाळ्या,
मार्केट यार्डातल्या मिरचीसारख्या.

माझेच कान.
मी समजत होतो, हे मी बाहेरून कुठूनतरी आणलंय.

"बाबा, कान."
"काय?"
"तापलेत."
ते वळले. आता ओरडणार, वाटलं.
त्यांनी पाळीला दोन बोटं लावली,
माझ्या कपाळाला लावायचे, तापात, तशी.
टेम्पो केव्हाच गेला होता.

पुढच्या सिग्नलला बराच वेळ लाल होता.
समोर बघतच ते म्हणाले,
"त्या दिवशी ते अकरा..."

आणि हिरवा लागला.