बागूल वाचतात

दर बुधवारी तीन वाजता
जेल रोडच्या समाजमंदिरात सिनेमा असतो, फुकट.
खिडक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली,
तरी दुपार ती दुपारच.
तिसऱ्या तावदानावर, राशिभविष्याच्या पानाला
रुपयाएवढं भोक आहे.
त्यातून उन्हाचा ठिपका पडद्यावर येतो
आणि सिनेमाभर सरकत राहतो,
कुणाच्या गालावरून, बर्फावरून,
एकदा तर फाशीच्या दोरावरून.
बुजवा म्हटलं तर बागूल म्हणतात, राहू द्या,
त्यानं तरी कुठं तिकीट काढलंय.

बागूल नोट प्रेसमधून रिटायर झालेले.
चौतीस वर्षं गेटवर रोज झडती दिली,
कोट्यवधी मोजले,
खिशात मात्र चुन्याची डबी.
अजून माणसंही मोजतात ती अंगठा ओला करून.
रजिस्टरात नोंद:
'एकोणीस. पैकी झोपलेले चार.'

मी पहिल्यांदा गेले ती पंख्यासाठी.
एप्रिल होता. आमच्या पत्र्याखाली
पोळी तव्याविना भाजावी असा.
भांडी झालेली, नळाला पाणी साडेपाचला,
मधले दोन-अडीच तास कुणाच्याच नावावर नव्हते.
शमीमआपा शेजारी मटार सोलत होत्या,
अंधारात, बोटांनी बघून.

सिनेमे लांबच्या मुलखातले.
भाषा अशी, जणू ताटात फुटाणे सांडलेत.
खाली इंग्रजी अक्षरं पळतात
आणि बागूल स्टुलावर बसून
ती मोठ्यानं मराठीत वाचतात.
शिपाई म्हणतो, 'आईला सांगा, मी जेवलोय.'
राणी म्हणते, 'बाई, कंबर गेली माझी.'
त्यांच्या तोंडी सगळे देश
सटाण्याच्या अलीकडे येतात.
बाहेरची पोरं ओरडतात, बागुलबुवा, बागुलबुवा,
ते थांबतात, चष्मा पुसतात,
राणी तेवढा वेळ मुकी राहते.

मार्गशीर्षात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
थेटेबाईंची केतकी वाचायला बसली.
पेनड्राइव्हवर जूनमध्ये पाहिलेलाच सिनेमा निघाला:
तो म्हातारा, ते स्टेशन, दार उघडणारी लेक.
जूनमध्ये ती म्हणाली होती,
'उशीर केलात. भाकरी झाकून ठेवलीय.'
आम्ही डोळे पुसून नळावर गेलो होतो.

केतकीनं वाचलं,
'तुम्ही परत जा. इथं कुणी तुम्हाला ओळखत नाही.'

मटाराची एक शेंग उघडली गेली, तशीच राहिली.
थेटेबाई म्हणाल्या, नीट वाच गं.
केतकी म्हणाली, असंच लिहिलंय.
उन्हाचा ठिपका दाराच्या कडीवर होता.

मग मी मनात मागे मागे गेले.
त्या शिपायाला जेवण मिळालं होतं का?
आणि ती विधवा, जी शेवटी माहेरी गेली,
ती कुठं गेली?
ज्या माणसानं चौतीस वर्षं
एक खोटी नोट हातून जाऊ दिली नाही,
तो दर बुधवारी
आमच्या ओंजळीत काय ठेवत होता?

पुढच्या बुधवारी ते आले, डोळ्यावर हिरवी पट्टी.
कुणी काही बोललं नाही.
आपांनी त्यांच्यापुढे मटाराची वाटी सरकवली.
एका डोळ्यानं वाचायला वेळ लागत होता.
पडद्यावरची बाई ओठ घट्ट मिटून रडत होती,
खाली एकही अक्षर नव्हतं,
बागूल म्हणाले, 'कांदा तिखट निघाला गं आजचा.'
सगळी हसली. मीही.
रजिस्टरात: 'तेवीस. झोपलेलं कुणी नाही.'

परवा पुण्याहून राहुलचा मेसेज आला.
सासूबाई म्हणाल्या, काय लिहितोय, वाच.
लिहिलं होतं, दिवाळीला जमणार नाही, पैसे पाठवा.
मी फोन जरा लांब धरला, घसा खाकरला,
म्हटलं, 'विचारतोय, आजीचा गुडघा कसा आहे.'

त्यांनी पाय पोटाशी घेतला.
म्हणाल्या, परत वाच.