पान एकशे बारा

सकाळची सव्वासातची फेरीबोट,
वेलदूर ते दाभोळ, दहा मिनिटांचं पाणी.
तेवढ्यात माझी सात पानं होतात.
समोरून ट्रॉलर आडवा आला तर आठ.

मी एम.ए. भाग दोन, मराठी.
पिशवीत वर समीक्षेचा जाड ग्रंथ,
त्याला जुन्या कॅलेंडरचं कव्हर, कव्हरवर फेब्रुवारी.
आणि त्याच्या पोटात,
सुरमईच्या पोटात गाबोळी असते तशी,
एक कादंबरी:
पंधरा वर्षांची मुलगी, घर सोडून गेलेला भाऊ,
कुणालाच न पाठवलेली नऊ पत्रं.

मला बावीस पूर्ण झाली.
वाचनालयातले पाथरे काका शिक्का मारता मारता
चष्म्यावरून बघतात,
"काय गो बाय, अजून कुमार विभागच?"
मी म्हणते, भाचीसाठी.
मला भाची नाही.
काकांना ते ठाऊक आहे.
तरी दर गुरुवारी विचारतात, "आवडलं का भाचीला?"
आणि मी पाऊण तास सांगत बसते
भाचीला काय काय आवडलं, कुठे रडली,
कुठल्या पानावर जेवायला हाक मारली तरी उठली नाही.

खरं म्हणजे त्या वयात मी काही वाचलंच नाही.
पंधराव्या वर्षी आईबरोबर जेटीवर
कोळंबी सोलत होते, किलोमागे बारा रुपये,
बोटं पांढरी, सुरकुतलेली.
पानांना वास राहतो म्हणून बाईंनी
शाळेच्या पेटीतलं पुस्तक मला देणं बंद केलं.
रागाने नाही. पुस्तकाच्या काळजीने.
ती पंधरा, सोळा, सतरा
कुठेतरी देणं लागतात माझं.
वसूल करतेय, सात-सात पानांनी.

सर म्हणाले, "लघुप्रबंधाला हा विषय?
हे साहित्य नव्हे, साहित्याची पायरी."
मी मान हलवली.
संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून मोजल्या:
तेरा.
ओहोटीला सगळ्या दिसतात,
खालच्या चारांवर शेवाळ आणि कालवं.
भरतीला वरच्या पाचच.
सरांना दापोलीत कुठला आलाय धक्का?

मग ती एकशे बाराव्या पानाची सकाळ.
नववं पत्र. मुलगी लिहिते,
"दादा, तुझी सायकल मी विकली."
एवढंच. खाली अर्धं पान कोरं.
मी वर पाहिलं तर
दाभोळ येऊन गेलं होतं.
बोट वेलदूरला परत निघालेली,
दोन टेम्पो, रिकाम्या आंबापेट्यांची एक पिकअप,
आणि माझ्या गालांवर खारट काहीतरी,
ते वाऱ्याने उडालेलं पाणी आहे
असं म्हणायची सोय खाडीवर असते.
तिकीटवाला म्हणाला, "परतीचे द्या."
दिले.

शेजारी दप्तर मांडीवर घेऊन रुमाना मुकादम,
नववी ब, दाभोळहून अंजनवेलच्या शाळेत,
रोज माझ्या उलट दिशेने.
म्हणून कधी दिसलीच नव्हती.
"कोण वारलं?"
"सायकल," मी म्हटलं.
ती हसली नाही. हात पुढे केला.

सात दिवसांचं पुस्तक अकरा दिवसांनी आलं.
शेवटची वीस पानं तिने वाचलीच नव्हती.
"संपवलं की ती माणसं जातात ना."
दंड चार रुपये.
पाथरे काकांनी पावतीवर लिहिलं: भाचीतर्फे.

आता दाभोळच्या धक्क्यावर
मी उतरते, ती चढते,
साखळदंड खडखडत असताना
पुस्तक या हातातून त्या हातात.

आराखड्याच्या कागदावर एक रकाना आहे,
"विषयाची गरज."
तीन आठवडे कोराच.
आज ती जवळजवळ धावत आली,
पान चाळीसवर खुणेला सुकलेला खवला,
आणि बोट सुटता सुटता ओरडली,
"पुढचं सांगू नको हां!
मी अजून तिथेच आहे."