जमिनीला धरून

झेनित्सात, शाळेच्या जुन्या जिममध्ये
नेट इतकं खाली बांधलंय
की रेफिकला आधी वाटलं, बालवाडीचं असावं.

भिंतीशी कृत्रिम पाय उभे करून ठेवलेत,
बुटांसकट.
एका बुटाला रानातला चिखल,
अजून ओला.

फिजिओ म्हणाली होती, पायावर उभं राहायचंय तुला.
सासरा म्हणाला. नगरपालिकेतला कारकून म्हणाला.
शेजारीण हायरिया कॉफी ओतता ओतता म्हणाली,
स्वतःच्या पायावर, बरं का.
कुठल्या, ते कुणी सांगितलं नाही.

इथे झियादची शिट्टी:
"बूड उचललंस. फाउल."
पुन्हा: "फाउल, रेफिक. खाली बस."

आठ महिन्यांत
बस म्हणणारा हा पहिलाच माणूस.

तळवे फरशीवर चरचरतात,
तो ढुंगणावर सरकत चेंडूकडे जातो,
उशिरा पोचतो.
पलीकडची मुनिरा, पन्नाशीची, दोन्ही गुडघ्यांपासून नाही,
नेम धरून त्याच्याच छातीवर मारते.
कीव करायला तिला वेळ नाही,
सेट चोवीस-एकवीस आहे.

मग एकदा
नसलेला पाय सवयीने आधी धावला
आणि त्याच्या मागून बाकीचा रेफिक.
चेंडू मनगटांवर वाजला,
वर गेला,
छताच्या गळक्या पत्र्यापर्यंत.
"घे!" कुणीतरी ओरडलं.
कुणी घेतला, ते त्याने पाहिलंच नाही.
तो स्वतःचे हात बघत होता.

परतीच्या बसमध्ये
एक पोरगा लगबगीने उठला, जागा दिली.
रेफिकने दांडा घट्ट धरला.
"राहू दे रे," म्हणाला,
"सकाळपासून बसूनच आहे."