मागचा हात

मी अंगानं बारीक, म्हणून शेपटीत शिरायची मीच.
बाहेर वाल्बुर्गा, खांद्याशी हवेची बंदूक,
आत मी, पालथी, पोलादाचा ठोकळा धरून.
ती ठोकायची, मी अडवायची.
मधे नखापेक्षा पातळ पत्रा,
आणि एकेक रिव्हेट
दोघींच्या जोरात चेपून जागेवर बसायचा.
एक टकटक म्हणजे ठीक.
दोन म्हणजे काढ, पुन्हा मारू.
बोलून उपयोग नव्हता. त्या आवाजात
माझा डावा कान अठ्ठावन्न साली
ओबरफाफेनहोफेनलाच राहिला.

विमान म्हणजे काय ते मला तळघरातून ठाऊक होतं.
आउग्सबुर्ग, मी सहा वर्षांची,
आईनं तोंडावर ओला टॉवेल दाबलेला.
वरून घरघर गेली की सगळे छताकडे बघायचे,
छत होतं तोवर.
मग दहा वर्षं आम्हाला मनाई.
विमानं जोडणारे हात कापडाचे माग जोडत बसले.

परवानगी आली आणि आमच्या हातून बाहेर पडलं
ते हे: खांद्यावर पंख घेतलेलं,
चाकं पोटात न लपवणारं,
चहूकडून काचा, भाजीवाल्याच्या गाडीसारखं.
फोरमन म्हणाला, ह्याला ओसरी लागत नाही, पायरी पुरते.
कुरण द्या, गाई जरा बाजूला घ्या, की उठलंच.
डॉक्टर नेईल, टपाल नेईल, अडलेली बाई आणेल.
आम्ही हसलो. पण मला ते आवडलं.
इतकी कमी जागा मागणारं काही
आमच्या देशानं आधी केलं नव्हतं.

पुढं ती कुठं गेली, कोण विचारतं.
काही खोक्यांवर पोर्तुगीज अक्षरं असायची.
पगार वेळेवर व्हायचा.

गेल्या वर्षी भाचीनं, रोझविथानं, मुएडाहून चाळणी आणली.
ती तिथं विहिरी खोदणाऱ्यांबरोबर असते.
माकोंडे लोकांचं पठार; गावं वर, पाणी खाली.
फॉर्तुनातु नावाचा म्हातारा पत्रेकारी तिला म्हणाला,
हे पडलेल्या विमानाचं आहे.
मोठं विमान आमच्यापर्यंत येऊच शकलं नसतं, बाई.
आम्ही तेवढ्याच भरवशावर राहत होतो.
हे मात्र मक्याच्या शेतातही उतरायचं.
आधी सुया घेऊन आलं.
मग सैनिक घेऊन.

मी चष्मा लावला, अंगठ्यानं अंतर मोजलं.
भोकांची एक ओळ आमची आहे,
रिव्हेट उडवून काढलेले, अंतर बरोब्बर.
माझी? कुणास ठाऊक.
एक भोक जरा तिरकं आहे,
पण सोमवारी सगळ्याच पोरींची तिरकी पडायची.
बाकीची त्यानं खिळ्यानं पाडलीत, गोल गोल फिरत,
आमच्या सरळ ओळीला सांभाळून घेत.
आणि काठाशी एक मोठं भोक, कडा आत वळलेल्या.
ते आम्ही पाडलेलं नाही, त्यानंही नाही.
त्यावर ठिगळ, ठिगळाला चार रिव्हेट,
हातोडीनं मारलेले, बसके, तुळतुळीत.
दुसऱ्यांदा ठोकावा लागलेला एकही नाही.
आमच्या फोरमननं पास केले असते.

आज त्यात बटाटे निथळत ठेवले.
पाणी आधी आमच्या ओळीतून गळलं, मग त्याच्या.
मी काठावर बोटानं एकदा टकटक केली,
कुणाला ते न ठरवता.

रिव्हेट एकट्यानं बसत नाही.
पलीकडून कुणीतरी, न दिसता,
जोर लावून धरावं लागतं.
हे मला माहीत आहे, मी तीच होते.

संध्याकाळी रोझविथाला फोन करून विचारलं,
तो ठोकत असताना मागून कोण धरत होतं?
तिला प्रश्न कळला नाही.
की मलाच नीट ऐकू आलं नाही,
फोन मी डाव्या कानाला लावला होता.